घुबडापासून सुरुवात

हल्ली डेफ्टोन्स ऐकायला लागलेल्या बहुतेकांची सुरुवात पंधरा सेकंदांपासून झालेली असते. रात्रीचा हायवे, काचेवरून ओघळणारं पाणी, कुणाचा तरी अर्धा चेहरा आणि मागे 'चेंज (इन द हाऊस ऑफ फ्लाइज)' किंवा 'चेरी वेव्ह्ज'चा तुकडा. तुकडा आवडतो. मग माणूस ॲपवर जाऊन बँडचं नाव टाकतो आणि समोर दहा अल्बम उभे राहतात. पहिला १९९५चा, दहावा २०२५चा. आता यातलं आधी काय लावायचं?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला तिघांनी विचारलाय. एक माझा मामेभाऊ, जो बारावीला आहे आणि ज्याच्या हेडफोनमधून कायम काहीतरी झिरपत असतं. एक ऑफिसमधली नवी जॉइन झालेली मुलगी. आणि एक जिममधला ओळखीचा, ज्याला 'वजन उचलताना चालेल असं' हवं होतं. या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे 'व्हाइट पोनी'. कुठल्याही चाहत्याला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल. मी तिघांनाही वेगळं सांगितलं. म्हटलं, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरं घुबड असलेलं कव्हर शोधा. 'डायमंड आइज', २०१०. तिथून सुरू करा.

याची कारणं सांगायची तर आधी बँडबद्दल थोडं सांगायला हवं.

डेफ्टोन्स कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोचे. १९८८मध्ये शाळकरी मित्रांनी सुरू केलेला बँड. गिटारवर स्टीफन कार्पेंटर, ड्रम्सवर एब कनिंगहॅम, गायला चिनो मोरेनो, आणि थोड्या वर्षांनी बेसवर आलेला ची चेंग. टर्नटेबल आणि कीबोर्ड वाजवणारा फ्रँक डेल्गाडो नंतर कायमचा सामील झाला. कार्पेंटरला पंधराव्या वर्षी स्केटबोर्डवर असताना गाडीने उडवलं होतं. काही महिने व्हीलचेअरमध्ये काढावे लागले, आणि त्या बसून काढलेल्या काळात तो मेटलच्या रेकॉर्ड्ससोबत वाजवत गिटार शिकला. चिनोचे कान मात्र भलतीकडे होते. द क्युअर, डिपेश मोड, द स्मिथ्स. या बँडने पुढे शाडेचं 'नो ऑर्डिनरी लव्ह'सुद्धा रेकॉर्ड केलंय. एकाला भिंत पाडायची आहे आणि दुसऱ्याला त्या भिंतीला टेकून उसासे टाकायचे आहेत. डेफ्टोन्सचं सगळं संगीत या ओढाताणीतून येतं. दोघांपैकी एक पूर्ण जिंकला, तर ते गाणं डेफ्टोन्सचं राहणार नाही.

नव्वदीच्या मध्यावर कॉर्नच्या मागोमाग न्यू मेटलची लाट आली. खाली ट्यून केलेल्या गिटार, हिप-हॉपचा ठेका, अर्धं रॅप अर्धी किंकाळी, ढगळ पँटी. वय, राज्य आणि मित्रमंडळी तीच असल्याने डेफ्टोन्सही त्याच कप्प्यात गेले. बँडला तो शिक्का कधी आवडला नाही. पण पहिले दोन अल्बम ऐकले, तर शिक्का अगदीच खोटा होता असंही म्हणता येत नाही.

म्हणूनच पहिल्या अल्बमपासून क्रमाने जाण्याचा मार्ग मी नव्या माणसाला सांगत नाही. आम्हा इंजिनिअर लोकांना व्हर्जन एकपासून सुरू करायची खाज असते, ती इथे आवरावी. १९९५चा 'ॲड्रेनलिन' विशीतल्या पोरांनी केलेला आहे आणि तसाच ऐकू येतो. घामट, घाईचा, गॅरेजमधला. 'बोअर्ड' आणि 'सेव्हन वर्ड्स' आजही अंगावर येतात, पण चिनोला आपल्या आवाजात काय काय आहे हे अजून सापडलेलं नाही. पुढे काय होणार हे माहीत असलेल्याला यात गंमत आहे. नव्या माणसाला हा त्या काळातल्या अनेक बँडांपैकी एक वाटेल आणि तो निघून जाईल.

१९९७चा 'अराउंड द फर' फार पुढचा. 'माय ओन समर' यातलंच, जे पुढे 'द मॅट्रिक्स'च्या साउंडट्रॅकवर गेलं. 'बी क्वाएट अँड ड्राइव्ह'मध्ये पहिल्यांदा कळतं की हे लोक इतरांपेक्षा वेगळ्या रस्त्याला लागलेत. गिटारची भिंत तशीच आहे, पण वरचा आवाज दूर कुठेतरी निघून जायचं म्हणतोय. याच अल्बमवर 'हेडअप' आहे. मॅक्स कॅव्हलेराचा सावत्र मुलगा डेना वेल्स १९९६मध्ये गेला, त्याच्या आठवणीत केलेलं. कॅव्हलेरा स्वतः त्यात गायलाय, आणि त्या गाण्यातल्या एका जोडशब्दावरून त्याच्या पुढच्या बँडचं नाव पडलं, सोलफ्लाय. म्हणजे गेलेल्या माणसासाठी गोंधळ घालणं या मंडळींना तेव्हापासून माहीत होतं. जिमवाल्याला मी दुसऱ्या नंबरला हाच सांगितला.

आता 'व्हाइट पोनी'. जून २०००. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात यादीत तिसरा. 'एलीट' या गाण्याला ग्रॅमी. 'डिजिटल बाथ', 'नाइफ पार्टी', टूलच्या मेनार्ड जेम्स कीननसोबतचं 'पॅसेंजर', आणि ते 'चेंज'. हा त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा अल्बम आहे, याबद्दल माझा वाद नाही. माझं म्हणणं इतकंच की तो पाहुण्याला दारात घेत नाही. तो सरळ माजघरात सुरू होतो. तिथला अंधार, कुजबुज, कोण कुणाशी काय बोलतंय याचा न लागणारा पत्ता, हे सगळं आवडायला आधी या घराची थोडी ओळख लागते. माझ्या ओळखीत 'व्हाइट पोनी'पासून सुरुवात केलेले निम्मे लोक 'चेंज'वर खूश होऊन तिथेच थांबलेले आहेत.

शिवाय त्यात एक खड्डा आहे. रेकॉर्ड कंपनीला सोपं, विकलं जाईल असं गाणं हवं होतं. म्हणून अल्बमच्या शेवटच्या 'पिंक मॅगिट' या संथ, लांबलचक गाण्याचा एक भाग उचलून त्याचं रॅप-रॉक रूप करण्यात आलं, 'बॅक टू स्कूल', आणि काही महिन्यांनी ते अल्बमच्या तोंडाशी चिकटवून नवी आवृत्ती काढली गेली. चिनोने त्याबद्दलची नाराजी पुढे उघड बोलून दाखवली. तर तुमच्या ॲपवर पहिलं गाणं 'बॅक टू स्कूल' दिसलं, की ते सोडा आणि 'फेतिसेइरा'पासून लावा. तीच खरी सुरुवात.

मग २०१०चा, सहावा अल्बम पहिला का?

त्याआधीची दहा वर्षं बघा. 'व्हाइट पोनी'नंतर २००३मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आला. जड, काळवंडलेला, त्यात 'मिनर्व्हा'सारखं एक भव्य गाणं. मग 'सॅटर्डे नाइट रिस्ट', २००६. तो करायला दोन वर्षांहून जास्त लागली. बँडमध्ये बेबनाव होता आणि चिनो मधेच त्याच्या टीम स्लीप या दुसऱ्या प्रकल्पाकडे निघून गेला होता. 'चेरी वेव्ह्ज' यातलंच. गाणी सुंदर आहेत, पण एका खोलीत बसायला तयार नसलेल्या माणसांनी केलेला अल्बम आहे हे ऐकू येतं.

२००८मध्ये ते पुन्हा जमले. पहिल्या चार अल्बमांचा निर्माता टेरी डेट परत आला. नवा अल्बम बराचसा रेकॉर्ड झाला, नाव ठरलं 'इरॉस'. आणि ४ नोव्हेंबर २००८ला ची चेंगच्या गाडीला अपघात झाला. तो बहिणीबरोबर मोठ्या भावाच्या शोकसभेहून परत येत होता. बहीण वाचली. चेंग गाडीबाहेर फेकला गेला आणि कोमात गेला.

चेंग म्हणजे बँडमधला दाढी-केसवाला, स्टेजवर बेस घेऊन घुमणारा, मागून किंकाळ्या फोडणारा माणूस. कविता करायचा. स्वतःच्या कवितांच्या वाचनाचा एक अल्बमही त्याने काढला होता. त्याच्या उपचारांचा खर्च प्रचंड होता. त्यासाठी कॉर्नच्या फील्डीने वेगवेगळ्या बँडांतले वादक गोळा करून एक वाद्यसंगीताचा तुकडा काढला, आणि नोव्हेंबर २००९मध्ये हॉलिवूडला दोन रात्री मदतीचे कार्यक्रम झाले.

उरलेल्या चौघांपुढे प्रश्न होता. हातात जवळपास तयार अल्बम, त्यावर मित्राचा बेस. तो काढला असता, तर कुणी नावं ठेवली नसती. उलट श्रद्धांजली म्हणून डोक्यावर घेतला असता. त्यांनी तो बाजूला ठेवला. आत्ता आम्ही जे आहोत ते यात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बेसवर जुना मित्र सर्जिओ व्हेगा आला, जो क्विकसँड या बँडचा आणि पूर्वीही चेंगच्या जागी वाजवून गेलेला. निर्माता नवा, निक रॅस्कुलिनेझ. सगळे पुन्हा एका खोलीत, समोरासमोर वाजवत बसले आणि काही महिन्यांत पहिल्या सुरापासून नवा अल्बम उभा केला. मे २०१०मध्ये तो बाहेर आला, तेव्हा चेंग अजून पूर्ण शुद्धीवर आला नव्हता. आणि त्या अल्बममध्ये रडगाणं नाही. आजवरचा त्यांचा सगळ्यात उजेडाचा अल्बम तो आहे.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली ती मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर बसून. २०२२चा पावसाळा. बाबांना ब्रेन हॅमरेज झालं होतं. ते तेवीस दिवस तिथे होते, त्यातले अकरा व्हेंटिलेटरवर. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. बाकी दिवस बाहेरच्या स्टीलच्या खुर्च्यांवर. पुण्यातल्या नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं. सुट्ट्या संपल्या, तसा मी तिथेच लॅपटॉप उघडला आणि फोनच्या हॉटस्पॉटवर काम करायला लागलो. भेटायला येणारे नातेवाईक बघायचे. एक काका आईला म्हणाले, "बाप आत पडलाय, आणि ह्यो कीबोर्ड बडवतोय." आई काही बोलली नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं, कारण खरी अडचण काकांना दिसली नव्हती. काम चांगलं होत होतं. दोन दिवस अडलेला एक बग मला त्या खुर्चीवर सापडला आणि अर्धा मिनिट मी खरोखर खूश झालो. मग समोरचा तो बंद दरवाजा दिसला. त्या अर्ध्या मिनिटाचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

हॉस्टेलच्या रूममेटने कधीतरी माझ्या फोनमध्ये भरून दिलेला 'डायमंड आइज' तेव्हा मी सारखा ऐकत होतो. आईने एकदा स्क्रीनवर ते कव्हर पाहिलं. "घुबड कशाला लावलंयस रे इथं? काढ आधी." मी फोन उलटा ठेवला. गाणं बंद केलं नाही.

चेंगचं पुढे काय झालं, तेही मी तिथेच वाचलं. तो जवळपास साडेचार वर्षं झगडला आणि १३ एप्रिल २०१३ला गेला. बेचाळीस वर्षांचा होता. त्यामुळे हा अल्बम ऐकून मला बाबांबद्दल काही आशा वगैरे वाटली असं नाही. मला फक्त चार माणसं दिसली. त्यांचा माणूस आत होता, त्याचं काय होणार हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ती बाहेर बसून जे येतं ते मन लावून करत होती. वाजवताना त्यांना मजा आलेली आहे, हे स्वच्छ ऐकू येतं. त्यात त्यांच्या मित्राचा कसला अपमान झालाय, असं मला कुठेही वाटेना. मग माझंही ते अर्धं मिनिट मी सोडून दिलं.

बाबा आता घरी आहेत. उजवा हात नीट उचलत नाही आणि शब्द अडतात. चहा हवा असला की कधी कधी 'चावी' म्हणतात. आई चहा आणून देते.

एवढं सगळं ठाऊक नसलं, तरी 'डायमंड आइज' नव्या माणसासाठी योग्यच आहे. साध्या कारणांनी. अकरा गाणी, चाळीसेक मिनिटं. पुण्यात कंपनीच्या बसने हिंजवडीला पोचेपर्यंत संपतो. आणि कार्पेंटर-चिनोची ती ओढाताण यात सगळ्यात समजेल अशी मांडलेली आहे. पहिल्याच गाण्यात कार्पेंटर आठ तारांची गिटार घेऊन येतो. नेहमीच्या सहा तारांच्या खाली आणखी दोन जाड तारा, त्यामुळे रिफ कानाआधी छातीला कळते. ती आदळत असतानाच चिनोचं ध्रुवपद वर उघडतं, घाटातल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडल्यावर एकदम दरी दिसावी तसं. तीन मिनिटांत बँडची अख्खी ओळख.

नंतर 'रॉयल' आणि 'कमांड/कंट्रोल' धावतात. 'यूव्ह सीन द बुचर' रेंगाळत, लचकत चालतं. इथे कनिंगहॅमचे ड्रम्स ऐका. तो ठोका किंचित मागे ठेवतो आणि त्याने मेटलसारखं मेटल डुलायला लागतं. 'ब्यूटी स्कूल'मध्ये डेल्गाडोचे सूर धुक्यासारखे मागे पसरलेले आहेत. पहिल्यांदा लक्षात येणार नाहीत, पण काढून टाकले तर गाणं उघडं पडेल. 'रॉकेट स्केट्स'मध्ये चिनो घसा फोडून ओरडतो आणि लगेच पुढे 'सेक्सटेप' येतं, जे नाव बाजूला ठेवलं तर पाण्यात पडून राहिल्यासारखं शांत गाणं आहे. या दोन गाण्यांच्या मधल्या दोन सेकंदांत थांबा. ही उडी जमली, आवडली, तर हा बँड तुमचा. नाही जमली, तर बाकी नऊ अल्बमांचा वेळ वाचला.

जमली तर पुढचा क्रम असा. दुसरा 'व्हाइट पोनी', कारण आता माजघरात जायला हरकत नाही. तिसरा 'अराउंड द फर', म्हणजे तिथवर ते कुठून आले हे कळेल. चौथा २०१२चा 'कोई नो योकान'. जपानी शब्दप्रयोग, एखाद्याला भेटल्यावर आपण याच्या प्रेमात पडणार अशी लागणारी चाहूल. 'डायमंड आइज'चं धाकटं भावंड, त्याच निर्मात्याचं. यातली 'एंटूम्ड' आणि 'रोझमेरी' रात्री, दिवे बंद करून ऐका. पाचवा 'सॅटर्डे नाइट रिस्ट', आणि 'चेरी वेव्ह्ज'चे ते पंधरा सेकंद इथे त्यांच्या जागी सापडतील. मग २०२०चा 'ओम्स', ज्यात टेरी डेट परत आलाय. २०१६चा 'गोर' त्याच्यानंतर. या अल्बमबद्दल कार्पेंटर स्वतःच सुरुवातीला नाखूश होता. गिटार थोडी मागे गेलीय आणि पारडं चिनोकडे झुकलंय, पण 'फँटम ब्राइड'मध्ये ॲलिस इन चेन्सचा जेरी कँट्रेल येऊन वाजवून गेलाय, ते चुकवू नका. २०२५चा 'प्रायव्हेट म्युझिक' नंतर, आणि 'डेफ्टोन्स' व 'ॲड्रेनलिन' सर्वांत शेवटी. तोवर तुम्हाला त्या विशीतल्या पोरांबद्दल माया वाटायला लागलेली असेल.

एक विनंती. पहिल्यांदा तरी शफल बंद ठेवा. आणि एका अल्बमला एक आठवडा द्या. दहा आठवडे म्हणजे काही फार नाही.

सगळे ऐकून झाले की यादी पुन्हा वरपासून खाली बघा. २००६ आणि २०१०च्या मध्ये एक जागा मोकळी दिसेल. 'इरॉस' तिथला. तो अजून आलेला नाही. ४ नोव्हेंबर २०१४ला, अपघाताला सहा वर्षं झाली त्या दिवशी, चिनोने त्यातलं 'स्माइल' हे एक गाणं स्वतः यूट्यूबवर टाकलं होतं. रेकॉर्ड कंपनीने ते थोड्याच वेळात काढायला लावलं. कुणा ना कुणाकडे ते असतंच, शोधलंत तर मिळेलही. पण ते शेवटी ऐका, आणि त्यात गाण्यापेक्षा खालचा बेस ऐका.